रेषेचा चढ आणि य-अंतःखंड वारंवार चुकतो, तेव्हा दोष कोठे शोधावा

तक्रार बहुधा एकाच स्वरूपात येते. सूत्र पाठ आहे, आकडेमोड दोनदा तपासलेली आहे, तरीही उत्तर जुळत नाही; आणि एक गणित दुरुस्त करून दिले, की पुढच्या गणितात तीच चूक वेगळ्या वेषात पुन्हा हजर होते. दहावी-अकरावीच्या वह्या तपासताना, भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे आलेख पाहताना आणि आता नोकरी करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या स्प्रेडशीट उघडताना ही चूक मला इतक्या वेळा भेटली आहे, की ती आकडेमोडीची चूक आहे असे मी आता मानत नाही. चढ आणि अंतःखंड हे मुळात दोन प्रश्न आहेत, आणि चुकणारा विद्यार्थी त्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याऐवजी समीकरणातील किंवा आलेखावरील एका ठरावीक जागेचा आकडा उचलत असतो. जोपर्यंत तो आकडा त्या जागी असतो तोपर्यंत उत्तर बरोबर येते, आणि मांडणी बदलली की चुकते.

ते दोन प्रश्न असे आहेत. चढ विचारतो, की क्ष एका एककाने वाढला तर य कितीने बदलतो. य-अंतःखंड, ज्याला वर्गात सर्रास वाय-इंटरसेप्ट म्हटले जाते, तो विचारतो, की क्ष शून्य असताना य किती असतो. समीकरण य = मक्ष + क अशा रूपात असेल तर म हा चढ आणि क हा अंतःखंड असतो, हे खरे; पण ते केवळ या एका रूपापुरते खरे आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक सर्व दोषांचे मूळ या मर्यादेकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

आपल्या राज्य मंडळाच्या सध्याच्या दहावीच्या अभ्यासक्रमात दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आलेख गणित भाग १ मध्ये आहेत आणि रेषेचा चढ गणित भाग २ मधील निर्देशक भूमितीत आहे. दोन पुस्तके, बहुधा दोन वेगळे तास, आणि कधीकधी दोन वेगळे शिक्षक. ज्या रेषेचा आलेख पहिल्या पुस्तकासाठी काढला, तिचाच चढ दुसऱ्या पुस्तकात विचारला जातो आहे, हे अनेकांच्या लक्षात अकरावीत येते. विद्यार्थ्याला दोष देण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी, असे मला वाटते.

समीकरण समोर असूनही उत्तर चुकते

३क्ष + ४य = १२ ही रेषा घ्या. तिच्यासाठी माझ्याकडे आलेली उत्तरे साधारणपणे चार प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात चढ ३ आणि अंतःखंड १२ लिहिलेला असतो. येथे क्ष-चा सहगुणक पाहून तो थेट उचललेला असतो. दुसऱ्या प्रकारात चढ −३ आणि अंतःखंड १२ असतो. म्हणजे ३क्ष हे पद उजवीकडे नेले, पण य-च्या मागचा ४ तसाच राहिला. तिसऱ्या प्रकारात चढ −३/४ आणि अंतःखंड १२ असतो, आणि ही चूक सर्वांत फसवी आहे, कारण विद्यार्थ्याने ४ ने भागलेले असते, परंतु फक्त पहिल्या पदाला. चौथे उत्तर म्हणजे चढ −३/४ आणि अंतःखंड ३, आणि तेच बरोबर आहे.

आपले उत्तर यांपैकी कोणत्या प्रकारात बसते ते पाहिले, की पायरी कोठे घसरली ते कळते. परंतु दरवेळी असा शोध घेण्याची गरज नाही, कारण दोन मूळ प्रश्न थेट विचारले की कोणत्याही सूत्राविना पडताळा होतो. क्ष = ० ठेवल्यास ४य = १२, म्हणून य = ३; हा अंतःखंड. क्ष = १ ठेवल्यास ४य = ९, म्हणून य = ९/४. क्ष एकाने वाढला आणि य ३ वरून ९/४ वर आला, म्हणजे ३/४ ने कमी झाला. हा चढ, ऋण चिन्हासह. या पडताळ्याला अर्धे मिनिट पुरते, आणि उत्तरपत्रिकेत तो लिहून दाखवण्याचीही गरज नसते.

याच ठिकाणी एक अक्षरांचा सापळा आहे. य = मक्ष + क या रूपातील क हा अंतःखंड असतो, पण अक्ष + बय + क = ० या सामान्य रूपातही शेवटच्या पदाला क हेच अक्षर वापरण्याची पद्धत आहे, आणि तेथील क हा अंतःखंड नसतो. सामान्य रूपात चढ −अ/ब आणि अंतःखंड −क/ब असतो. २क्ष − ५य + १० = ० या रेषेचा अंतःखंड १० आहे असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची स्मरणशक्ती चांगलीच आहे; त्याने फक्त एका रूपाचे अक्षर दुसऱ्या रूपात वापरले आहे. येथे −१० भागिले −५ म्हणजे २ हा अंतःखंड, आणि −२ भागिले −५ म्हणजे २/५ हा चढ. अनेक जण चढाचे सूत्र लक्षात ठेवताना त्यातील ऋण चिन्ह विसरतात, किंवा ते लक्षात ठेवतात आणि ब स्वतः ऋण आहे हे विसरतात. मी स्वतः मुलांना सामान्य रूपाची सूत्रे पाठ करायला सांगत नाही. य एकटा करून घ्यावा, हेच बरे.

दोन बिंदू दिले आहेत आणि चिन्ह उलटे येते

हा दोष तुलनेने साधा आहे. (−२, ७) आणि (४, −५) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढताना य-मधील फरक −५ − ७ = −१२ आणि क्ष-मधील फरक ४ − (−२) = ६, म्हणून चढ −२ येतो. उत्तर −६ आले असेल, तर ४ − (−२) ऐवजी ४ − २ केले गेले आहे. उत्तर २ आले असेल, तर वर दुसऱ्या बिंदूतून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा. उत्तर −१/२ आले असेल, तर गुणोत्तरच उलटे मांडले आहे. कोणत्या बिंदूला पहिला म्हणावे याला महत्त्व नाही. वर आणि खाली तोच क्रम पाळला, एवढे पुरते.

अंतःखंडासाठी −२ हा चढ आणि (−२, ७) हा बिंदू घेतल्यास ७ = (−२)(−२) + क, म्हणजे क = ३. पडताळा मात्र नेहमी दुसऱ्या बिंदूने करावा, कारण ज्या बिंदूवरून क काढला तो बिंदू चढ चुकीचा असला तरी समीकरणात बसणारच. येथे (−२)(४) + ३ = −५ येते, म्हणून उत्तर बरोबर आहे. अनेक विद्यार्थी पडताळा करतात, पण पहिल्याच बिंदूने करतात आणि निश्चिंत होतात.

आलेखावरून वाचताना होणारे घोटाळे

सर्वांत जास्त वेळ खाणारे दोष येथे असतात, कारण आलेख हे चित्र आहे आणि चित्राकडे पाहून उत्तर दिसते आहे असा भास होतो.

पहिला भास कोनाचा आहे. चढ म्हणजे रेषेने क्ष-अक्षाच्या धन दिशेशी केलेल्या कोनाचे टॅन गुणोत्तर, हे दहावीत शिकवले जाते आणि ते बरोबर आहे. पण दोन्ही अक्षांवरील प्रमाण सारखे असेल तरच कागदावरील कोन मोजून हे सूत्र वापरता येते. क्ष-अक्षावर १ सेमी = १० एकक आणि य-अक्षावर १ सेमी = २ एकक असे प्रमाण घेतले, तर कागदावर बरोबर ४५ अंशांत दिसणाऱ्या रेषेचा चढ १ नसून २/१०, म्हणजे ०.२ असतो. कंपासपेटीतील कोनमापक येथे काही कामाचा नाही. आलेखाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिण्याची शिस्त आपल्याकडे शाळेपासून लावली जाते. त्या दोन ओळी गुणांसाठी लिहिल्या जातात आणि नंतर वाचल्या जात नाहीत, ही खरी अडचण आहे. घरे मोजून चढ काढणाऱ्यांचीही चूक हीच असते: त्यांनी मोजलेली घरे बरोबर असतात, पण एक घर म्हणजे किती एकके हे त्यांनी दोन्ही अक्षांसाठी वेगवेगळे पाहिलेले नसते.

दुसरा भास अंतःखंडाचा आहे, आणि माझ्या अनुभवात प्रात्यक्षिकाच्या वहीत हाच सर्वाधिक आढळतो. समजा स्प्रिंगला वजने टांगून तिची लांबी मोजली. २०० ग्रॅमला लांबी १९ सेमी आणि ६०० ग्रॅमला २७ सेमी आली, आणि मधली वाचनेही त्याच रेषेवर बसली. कागदाचा पुरेपूर उपयोग व्हावा म्हणून विद्यार्थ्याने आडवा अक्ष २०० पासून सुरू केला, जे योग्यच आहे. आता रेषा डावीकडच्या उभ्या अक्षाला १९ या खुणेवर मिळते, आणि वहीत लिहिले जाते, की अंतःखंड १९ सेमी, म्हणून स्प्रिंगची मूळ लांबी १९ सेमी. परंतु तो उभा अक्ष क्ष = ० या जागी नाही; तो क्ष = २०० या जागी उभा आहे. चढ आहे (२७ − १९) भागिले (६०० − २००), म्हणजे दर ग्रॅमला ०.०२ सेमी. २०० ग्रॅम मागे गेल्यास लांबी ४ सेमीने कमी होईल, म्हणून अंतःखंड १५ सेमी आहे. उभ्या अक्षाला रेषा कोठे छेदते हे पाहण्याआधी त्या अक्षाच्या पायथ्याशी शून्य लिहिलेले आहे का, ते पाहावे. नसेल, तर आलेखावरून अंतःखंड वाचू नये. चढ आणि रेषेवरचा एक बिंदू घेऊन तो काढावा.

तिसरी गोष्ट भास नसून सवय आहे. मोजलेल्या वाचनांचे बिंदू थोडे इकडेतिकडे असतात, त्यांच्या मधून आपण सर्वांत जवळची रेषा ओढतो, आणि मग चढ काढण्यासाठी पुन्हा मोजलेल्या तक्त्यातील दोन ओळीच उचलतो. तसे करायचे असेल, तर रेषा ओढण्याचे काही कारणच उरत नाही. चढासाठी घेतलेले दोन्ही बिंदू रेषेवरचे असावेत आणि एकमेकांपासून शक्य तितके दूर असावेत. दूर का, याचे कारण सरळ भागाकारात आहे: य वाचताना एकूण ०.४ एककाची चूक झाली आणि दोन बिंदूंमध्ये क्ष-चे अंतर फक्त १ असेल, तर चढात ०.४ ची चूक येते. तेच अंतर १० असेल, तर ०.०४ ची. जवळजवळचे दोन बिंदू घेऊन काढलेला चढ दरवेळी वेगळा येतो अशी जी तक्रार असते, तिचे उत्तर बहुतेक वेळा इतकेच असते.

सुरुवातीचा आकडा म्हणजे अंतःखंड नव्हे

शाब्दिक उदाहरणांत मुलांना शिकवले जाते, की ठरावीक रक्कम म्हणजे अंतःखंड आणि दर म्हणजे चढ. हा नियम अर्धाच खरा आहे, आणि त्याचा खोटा अर्धा भाग मुंबईतील कोणत्याही रिक्षात बसून तपासता येतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार मुंबईतील रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे २६ रुपये आणि त्यापुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये ठरले. अंतर क्ष आणि भाडे य घेऊन समीकरण लिहा, असे सांगितले की दहापैकी आठ जण य = १७.१४क्ष + २६ असे लिहितात. या समीकरणाने पाच किलोमीटरचे भाडे १११ रुपये ७० पैसे येते. एवढे भाडे मीटरवर दिसले, तर तोच विद्यार्थी रिक्षावाल्याशी हुज्जत घालील.

खरा हिशेब असा आहे, की २६ रुपयांत दीड किलोमीटर आधीच धरलेले आहेत. म्हणून दीड किलोमीटरच्या पुढे य = २६ + १७.१४(क्ष − १.५), म्हणजे य = १७.१४क्ष + ०.२९. पाच किलोमीटरला ८५.९९, म्हणजे पूर्ण रुपयांत ८६. अंतःखंड २६ नसून केवळ २९ पैसे आहे, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे: किमान भाडे हे दराच्या दीडपटीला जवळच्या पूर्ण रुपयापर्यंत नेऊन आलेले दिसते, त्यामुळे रेषा मागे वाढवली तर ती जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे त्याच वेळचे आकडे, ३१ रुपये आणि २०.६६ रुपये, घेतले तर अंतःखंड एका पैशावर येतो. शिवाय दीड किलोमीटरच्या आत आलेख आडवा आहे, म्हणजे क्ष = ० च्या जवळ ही तिरकी रेषा प्रत्यक्षात नाहीच. येथे अंतःखंड ही समीकरणातील संख्या आहे. रस्त्यावर तिला अर्थ नाही.

याच्या उलट, विजेच्या बिलातील स्थिर आकार हा खरा अंतःखंड आहे, कारण एकही युनिट वापरले नाही तरी तो भरावा लागतो. पण तेथे दुसरी अडचण उभी राहते. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, असे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यात रेषेचा चढ बदलतो. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ: स्थिर आकार १३० रुपये, पहिल्या १०० युनिटांना दर ५ रुपये आणि त्यापुढे १० रुपये. ८० युनिटांचे बिल ५३० रुपये आणि १८० युनिटांचे १४३० रुपये होईल. या दोन बिलांवरून चढ काढला तर तो ९ येतो, जो कोणत्याच टप्प्याचा दर नाही. आणि अंतःखंड येतो −१९०, म्हणजे वीज न वापरल्याबद्दल कंपनीच आपल्याला पैसे देणार. असे अर्थहीन उत्तर आले, की आकडेमोड तिसऱ्यांदा तपासण्याऐवजी आपण घेतलेले दोन बिंदू एकाच रेषेवरचे होते का, हे तपासावे. तिसरा बिंदू घेतल्याशिवाय ते कळण्याचा मार्ग नाही.

दोघांची उत्तरे वेगळी, पण दोन्ही बरोबर

कधीकधी दोष नसतोच, फक्त अक्षांची अदलाबदल झालेली असते. सेल्सिअस आडव्या अक्षावर आणि फॅरेनहाइट उभ्या अक्षावर घेतल्यास चढ ९/५ आणि अंतःखंड ३२ येतो. उलट घेतल्यास चढ ५/९ येतो आणि अंतःखंड −१६०/९, म्हणजे सुमारे −१७.८. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. चुकीचे आहे ते मधले उत्तर, ज्यात चढ उलटवून ५/९ केला जातो आणि अंतःखंड मात्र ३२ किंवा −३२ ठेवला जातो. अक्ष बदलले की नवा चढ १/म होतो आणि नवा अंतःखंड −क/म होतो. दोन्हींना म ने भागावे लागते. पडताळ्यासाठी −४० अंश हे तापमान सोयीचे आहे, कारण तेथे दोन्ही मोजपट्ट्या एकच आकडा दाखवतात.

प्रयोगशाळेत या अदलाबदलीला एककांची जोड मिळते. ज्या तारेतून १ व्होल्टला २० मिलिअँपिअर विद्युतधारा वाहते, तिचा रोध ५० ओहम आहे. विभवांतर उभ्या अक्षावर आणि धारा मिलिअँपिअरमध्ये आडव्या अक्षावर घेतल्यास चढ ०.०५ येतो, अक्ष बदलल्यास २० येतो. वहीत ‘रोध ०.०५ ओहम’ आणि ‘रोध २० ओहम’ अशी दोन्ही उत्तरे मी पाहिली आहेत. चढाला नेहमी एकक असते, आणि ते उभ्या अक्षाचे एकक भागिले आडव्या अक्षाचे एकक असे असते. ०.०५ व्होल्ट प्रति मिलिअँपिअर असे पूर्ण लिहिले, की हजाराने गुणायचे राहिले आहे हे नजरेसमोरच येते.

अंतःखंडाच्या बाबतीत प्रयोगशाळेत एक जास्तीचा लाभ आहे, ज्याकडे फार थोडे विद्यार्थी पाहतात. साध्या लंबकाच्या प्रयोगात लांबी आडव्या अक्षावर आणि दोलनकाळाचा वर्ग उभ्या अक्षावर घेतला, तर गुरुत्वत्वरण ९.८ धरून चढ सुमारे ४.०३ सेकंदवर्ग प्रति मीटर यायला हवा आणि रेषा आरंभबिंदूतून जायला हवी. ती जात नसेल आणि अंतःखंड ०.०४ च्या आसपास धन येत असेल, तर दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता हुकापर्यंतच मोजली गेली असण्याची दाट शक्यता आहे, कारण राहून गेलेला १ सेमी, म्हणजे ०.०१ मीटर, गुणिले ४.०३ बरोबर तेवढाच येतो. अशा वेळी रेषा ओढून-ताणून आरंभबिंदूतून नेऊ नये. तसे केल्यास चढ बिघडतो. आणि तशीच ठेवल्यास, लांबी सर्व वाचनांत सारख्याच अंतराने चुकली असल्यामुळे, चढ आणि त्यावरून काढलेले गुरुत्वत्वरण दोन्ही शाबूत राहतात.

स्प्रेडशीटने दिलेले उत्तर पटत नाही

संगणकाने काढलेले उत्तर चुकत नाही असे मानून येथे बराच वेळ वाया जातो. क्ष-च्या किमती १०, २०, ४०, ८० आणि य-च्या २५, ४५, ८५, १६५ घ्या. ही तंतोतंत य = २क्ष + ५ ही रेषा आहे, त्यामुळे दोष ओळखायला सोयीची आहे; स्वतःच्या आकड्यांवर संशय आला, तर आधी हेच आकडे टाकून पाहावे.

एक्सेलमध्ये लाइन चार्ट निवडून त्यावर ट्रेंडलाइन घातली, तर समीकरण य = ४६क्ष − ३५ असे दिसते. आकडे बरोबर, संगणक बरोबर, उत्तर साफ चूक. कारण लाइन चार्ट आडव्या अक्षावरील किमतींना केवळ नावे समजतो आणि प्रत्यक्षात १, २, ३, ४ हे क्रमांक वापरतो. दोन राश्यांमधील नाते पाहायचे असेल तेव्हा स्कॅटर चार्टच घ्यावा. क्ष-च्या किमती समान अंतराने असतील तर हा दोष अधिक लपतो, कारण रेषा सरळच दिसते. पण चढ त्या अंतराच्या पटीत बदललेला असतो.

सूत्र वापरणाऱ्यांची चूक वेगळी असते. स्लोप आणि इंटरसेप्ट या दोन्ही सूत्रांत आधी य-चा स्तंभ आणि नंतर क्ष-चा स्तंभ द्यावा लागतो. आपण बिंदू लिहिताना क्ष आधी लिहितो, म्हणून हात आपोआप उलटा क्रम देतो. वरील आकड्यांसाठी उत्तर ०.५ आणि −२.५ आले, तर हेच घडले आहे. बिंदू एका रेषेवर तंतोतंत बसत असतील तर या उलट्या उत्तरावरून मूळ उत्तर परत मिळवता येते. पण बिंदू विखुरलेले असतील तर तेही शक्य नाही, कारण उलट्या क्रमात संगणक वेगळीच रेषा बसवतो. सूत्र दुरुस्त करावे, उत्तर उलटवू नये.

आडव्या अक्षावर तारखा असतील, तर अंतःखंड पाहून घाबरू नये. एक्सेल तारखेला आतून दिवसांचा क्रमांक मानते, आणि १ जानेवारी २०२४ चा क्रमांक ४५,२९२ आहे. त्या दिवशी ३० सेमी उंच असलेले आणि रोज अर्धा सेमी वाढणारे रोप घेतले, तर अंतःखंड −२२,६१६ सेमी येतो, कारण क्ष = ० म्हणजे १९०० सालाची सुरुवात. त्याहून त्रासदायक म्हणजे, चार्टवर छापलेल्या समीकरणातील चढ थोड्याच दशांश स्थळांपर्यंत दिसतो. चढात ०.००००५ इतका अंश कापला गेला, तरी ४५,२९२ ने गुणल्यावर उंचीत सव्वादोन सेमीचा फरक पडतो, आणि मग छापील समीकरणाने काढलेली उंची मोजलेल्या उंचीशी जुळत नाही. यावर उपाय म्हणून पहिल्या वाचनाचा दिवस शून्य धरून दिवसांचा नवा स्तंभ करावा. मग अंतःखंड ३० येतो, आणि त्याला अर्थही असतो.

उत्तरच येत नाही

दिलेल्या दोन्ही बिंदूंचे क्ष-निर्देशक सारखे असतील, उदाहरणार्थ (३, १) आणि (३, ८), तर खालचा फरक शून्य येतो आणि स्प्रेडशीट शून्याने भागाकार झाल्याची चूक दाखवते. येथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. ही य-अक्षाला समांतर असलेली क्ष = ३ ही रेषा आहे; तिचा चढ ठरवता येत नाही, आणि ती य-अक्षाला कोठेच मिळत नसल्यामुळे तिला य-अंतःखंडही नाही. उत्तरात ‘चढ ०’ असे लिहू नये, कारण शून्य चढ हा य = ३ सारख्या आडव्या रेषेचा असतो आणि त्या रेषेला ३ हा अंतःखंड असतो. रेषा स्वतःच य-अक्ष असेल, म्हणजे क्ष = ०, तर ती अक्षाला एका बिंदूत छेदत नाही, संपूर्ण अक्षावरच पडते; त्यामुळे तेथेही अंतःखंड म्हणून एक संख्या सांगता येत नाही.